पोरांच्या मैत्रीच्या आणि उचापतींच्या गोष्टी सुचवा (सिनेमे, पुस्तकं दोन्ही चालतील)

गच्चीवाली

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत (कोथरूड) मे महिन्यात दर रविवारी रात्री गच्चीवर पोरांना सिनेमा दाखवायचं ठरलंय. प्रोजेक्टर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा, पडदा म्हणजे डबलबेडची पांढरी चादर, आणि सिनेमे निवडायचं काम माझ्या गळ्यात, कारण त्या मीटिंगला मी उशिरा पोचले. प्रेक्षक दहा ते तेरा वर्षांचे. मुलगे जास्त, मुली कमी, पण आवाज मुलींचाच मोठा.

विषय पोरांनीच दिलाय: "मित्रांच्या भानगडींचा सिनेमा." म्हणजे चार-पाच पोरं, एखादी सायकल, एखादं गुपित, घरी न सांगता कुठेतरी जाणं. माझं म्हणणं इतकंच की त्यात मैत्री नुसती तोंडी लावायला नको. हल्लीच्या बऱ्याच साहसकथांत टोळी असते, एक हुशार, एक जाडा, एक घाबरट, पण त्यांचं एकमेकांशी शेवटपर्यंत काही बिनसत नाही. गोष्ट संपली की त्यातल्या कोणाचं नावसुद्धा आठवत नाही.

अटी थोड्याच आहेत. अंगात अचानक शक्ती संचारणारे नायक नकोत. ऐन वेळी बाबा किंवा पोलीस येऊन सगळं निस्तरतात, तेही शक्यतो नको. आणि दहाच्या आत संपलं पाहिजे, कारण त्यानंतर आवाज आला की तळमजल्यावरून फोन येतो.

पुस्तकंही सांगा. ज्याला सिनेमा आवडेल त्याच्या हातात दुसऱ्या दिवशी त्याच जातकुळीचं पुस्तक सरकवायचं असा छुपा बेत आहे. फाफे (फास्टर फेणे) आणि गोट्या मलाही माहीत आहेत. सुचवायचे तर जरूर सुचवा, पण का ते लिहा.

सदाशिवपेठी

आधी चादर. इस्त्री करून घ्या आणि खालच्या दोन्ही टोकांना वजन बांधा, नाहीतर गच्चीवरच्या वाऱ्यात नायकाचं तोंड वाकडंच दिसेल. मे महिन्यात साडेसातशिवाय धड अंधार पडत नाही, त्यामुळे तुमच्याकडे अडीच तास आहेत असं धरा. मध्यंतर ठेवू नका. खाली गेलेली पोरं परत येत नाहीत.

सिनेमा: चिल्लर पार्टी (२०११). सोसायटीतली पोरं, तिथे गाड्या धुणारा फटका आणि त्याचा कुत्रा भिडू. मंत्री भटक्या कुत्र्यांवर घसरतो आणि पोरं चड्डीवर मोर्चा काढतात. दोन तासांच्या थोडा वर जातो, पण कोणी जागचं हलणार नाही. आधी फटक्याला ही पोरं छळतात, मग तोच त्यांचा होतो, म्हणजे तुमची बिनसण्याची अटही पुरी झाली. पहिल्या रविवारी हाच लावा. शहाणपणाचे सिनेमे नंतर.

हडपसरी

का ते लिहा म्हणालात म्हणून लिहितो.

बनेश फेणे फुरसुंगीचा. म्हणजे आमच्या शेजारचा, त्यामुळे मी निःपक्षपाती नाही. शिकायला पुण्यात विद्याभवनात. भा. रा. भागवतांनी त्याला एक सायकल दिली, तोंडात 'टॉक्' दिलं आणि दिला सोडून. हाडकुळा मुलगा आहे, ताकद म्हणावी तर नाहीच. जे काही आहे ते डोळे आणि पाय. तुमची 'अंगात शक्ती नको' ही अट यापेक्षा चांगली कोणी पाळलेली नाही. आजच्या पोरांना सगळ्यात थरारक काय वाटतं सांगू? हा मुलगा खिशात फोन नसताना दिवसभर गायब असतो आणि कोणी त्याचं लोकेशन मागत नाही.

सुरुवात 'प्रतापगडावर फास्टर फेणे'ने करा, ट्रेकवाल्या पोरांना गड ओळखीचा असतो. मग 'चक्रीवादळात' आणि 'गुलमर्गचे गूढ'. सगळा संच उत्कर्ष प्रकाशनाचा आहे. अमेय वाघचा २०१७ चा सिनेमा चांगला आहे, पण त्यात बन्या मोठा झालाय, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला पुण्यात येतो आणि घोटाळ्यात गुंततो. दहा वर्षांच्या पोराला तो आपला वाटणार नाही. दूरदर्शनवरची सुमीत राघवनची मालिका बघितलेले आता स्वतःच चाळिशी ओलांडून बसलेत.

आता भेकराईनगरच्या गर्दीत सासवड रोडला सायकल काढून दाखव म्हणावं फाफेला, ते एक निराळं साहस होईल.

चष्मेबहाद्दर

फाफेवर जीव आहे, पण धाग्याचा विषय मैत्री आहे. फाफेला सुभाष देसाई आहे, मान्य. पण संकट आलं की बन्या सायकलवर टांग मारून एकटा पुढे, आणि सुभाष मागून धापा टाकत. दोघांचं कधी मनापासून वाकडं आलंय, एकाने दुसऱ्याला तोंडघशी पाडलंय, असं मला तरी आठवत नाही. ही धाडसकथा आहे आणि एक नंबर आहे. मैत्रीची गोष्ट वेगळी.

(पुस्तकवेडं पोर असेल तर भागवतांचाच बिपिन बुकलवार द्या. तो फाफेच्या सावलीत राहून गेला बिचारा.)

हडपसरी

प्रत्येक मैत्री भांडून सिद्ध करावी लागते असं कुठे लिहिलंय? आमच्या वर्गात एक होता. बोलायचा नाही, चढवायचा नाही, अडवायचाही नाही. फक्त सोबत यायचा. मार खायची वेळ आली की शेजारी उभा. सुभाष त्या जातीचा आहे. असल्या मित्रावर कोणी कादंबरी लिहीत नाही म्हणून तो मित्र नव्हे काय?

चष्मेबहाद्दर

हा मुद्दा चांगला आहे. उत्तर सुचलं की लिहितो.

टेकडीवाला

दोन सिनेमे सांगतो आणि जरा सविस्तर सांगतो, कारण दोन्ही 'संथ' म्हणून यादीतून उडवले जातात.

पहिला किल्ला. अविनाश अरुण या एफटीआयआयच्याच (पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट) छायालेखकाचं दिग्दर्शन. अकरा वर्षांच्या चिन्मयचे वडील गेलेत, आईची (अमृता सुभाष) पुण्याहून कोकणात बदली झालीय. स्कॉलरशिपवाला पुण्याचा मुलगा नव्या शाळेत मागच्या बाकावरच्या टोळीत जाऊन पडतो. त्यातला बंड्या म्हणजे पार्थ भालेराव, भूतनाथ रिटर्न्समधला तोच. प्रत्येक वर्गात एक बंड्या असतो, अभ्यासात ढ आणि बाकी सगळ्यात पुढे. पोरं खेकडे धरतात, सायकली हाणत किल्ल्यावर जातात. आणि तिथे एका दुपारी पाऊस कोसळतो, पोरं पांगतात, चिन्मय आत एकटा राहतो. बाहेर येतो तर कोणी नाही.

बघा, यात कोणी दुष्टपणा केलेला नाही. पाऊस आला, पोरं पळाली, एवढंच. पण ज्याचा बाप नुकताच न सांगता गेलाय त्याला मागे सोडून जाणं कसं लागत असेल? हे सिनेमात कोणी बोलून दाखवत नाही. चिन्मय नुसता अबोला धरतो. लहानपणीचा अबोला किती जड असतो ते मोठ्यांनी विसरायचं ठरवलेलं असतं, हा सिनेमा विसरू देत नाही. तो अबोला कसा सुटतो ते सांगत नाही.

२०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या विभागात याला क्रिस्टल बेअर मिळालं, आणि ते बक्षीस मुलांचीच ज्युरी देते. तेव्हा 'मुलांना कळणार नाही' म्हणणाऱ्यांना हे आधी ऐकवा. पावणेदोन तासांत आटोपतो.

दुसरा इराणचा, अब्बास कियारोस्तामीचा, 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम' (१९८७). गोष्ट चार ओळींत संपते. अहमद आठ-नऊ वर्षांचा. शेजारी बसणाऱ्या मुलाला मास्तरांनी दम दिलाय की गृहपाठ वहीत लिहून आणला नाहीस तर शाळेतून काढून टाकीन. घरी आल्यावर अहमदला दिसतं की दोघांच्या वह्या सारख्या दिसतात आणि मित्राची वही आपल्याच दप्तरात आलीय. मित्र राहतो शेजारच्या गावात, घर माहीत नाही. आई म्हणते आधी अभ्यास कर. अहमद वही शर्टात खुपसतो आणि धावत सुटतो.

संपलं. खजिना नाही, गुंड नाही. टेकडीवरची एक नागमोडी वाट आहे आणि ती तो पुन्हा पुन्हा चढतो. वाटेत भेटणारा प्रत्येक मोठा माणूस आपल्याच नादात. एक आजोबा तर खिशात सिगारेट असताना पोराला सिगारेट आणायला पिटाळतात, का, तर मुलांना शिस्त लागावी म्हणून. गच्चीवरच्या मोठ्या मंडळींपैकी दोन-चार जण इथे खाकरतील. सिनेमा ८३ मिनिटांचा आहे. साहस म्हणजे शेजारच्या गावाला जाणं, हे ज्या वयात खरं असतं त्या वयासाठी यापेक्षा थरारक काही मी बघितलेलं नाही.

मोरपंखी

टेकडीवाला, दोन्हींना +१, पण मी सातवीला शिकवते म्हणून थोडं व्यवहाराचं बोलते.

उघड्या गच्चीवर, मोकळ्या हवेत, बाजूला वेफर्सची पाकिटं. तिथे इराणी सिनेमा सरळ लावलात तर वीस मिनिटांत पोरं टाकीमागे लपाछपी खेळतील. वर्गात मी हा दाखवते तेव्हा आधी फक्त शाळेचा पहिला प्रसंग लावते. मास्तर ओरडतात, तो मुलगा रडतो. तिथे थांबवते आणि विचारते, ही वही तुमच्या दप्तरात आली तर काय कराल? मग जे सुरू होतं ते आवरता आवरत नाही. एकदा उत्तर देऊन बसलं की पुढचा तास पोर स्वतःचं उत्तर बरोबर होतं का ते बघत असतं. त्या ८३ मिनिटांची काळजी मग करायला नको.

फँड्रीचं कोणी नाव घेणार म्हणून आधीच लिहिते. जब्या आणि पिऱ्या गलोल घेऊन काळ्या चिमणीमागे रानोमाळ हिंडतात, ती अर्धी गोष्ट शुद्ध पोरवयाची आहे, आणि पिऱ्यासारखा मित्र मराठी सिनेमात दुसरा नाही. जब्याचं सगळं लक्ष शालूकडे, आणि हा काही न मागता त्याच्या सोबत. (हडपसरी, तुमचा तो न बोलणारा मित्र इथे सापडेल.) पण उरलेली अर्धी गोष्ट जातीची आहे, आणि डुक्कर धरण्याचा शेवटचा भाग अख्खी शाळा बघत असताना घडतो. तेरा वर्षांच्या पोराने तो जरूर बघावा. बघून झाल्यावर लगेच भेळ वाटायला घेऊ नका, बसा त्यांच्याशी. कारण तो शेवटचा दगड कोणाला लागला हे विचारणारं एक तरी पोर निघतंच, आणि उत्तर देताना मोठ्यांची पंचाईत होते.

विहीर मात्र गच्चीवर नको. उमेश कुलकर्णींचा माझा सगळ्यात आवडता सिनेमा आहे, समीर आणि नचिकेतची पोहण्याची, आंब्यांच्या दिवसांतली सुट्टी डोळ्यांपुढून जात नाही. पण त्यात जे होतं ते सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात पोरांच्या डोक्यावर टाकू नये.

एसटीचा पास

स्टँड बाय मी (१९८६) अजून कोणी लिहिला नाही? रॉब रायनरचा. १९५९ सालचा उन्हाळा, बारा वर्षांची चार पोरं. जंगलात एका मुलाचं प्रेत पडलंय असं त्यांच्या कानावर येतं आणि ते 'शोधून हिरो व्हायला' ती रेल्वेच्या रुळांवरून चालत निघतात. मूळ कथा स्टीफन किंगची, पण भुताखेतांचा पत्ता नाही. पुलावर मागून गाडी येते तो प्रसंग सगळ्यांना आठवतो. मला आठवतो तो रात्रीच्या शेकोटीजवळचा. टोळीचा म्होरक्या क्रिस, ज्याला सगळं गाव चोराच्या घरातला म्हणतं, तो मित्राला सांगतो की वर्गातले दुधाचे पैसे त्याने चोरले होते खरे, पण नंतर बाईंना परत नेऊन दिले. शिक्षा यालाच झाली, आणि बाई नवा स्कर्ट घालून शाळेत आल्या. हे सांगताना तो रडतो, आणि दुसरं पोर काहीही उपदेश न करता नुसतं जवळ बसतं. रिव्हर फिनिक्सने हे काम केलं तेव्हा तो स्वतःच पोरसवदा होता.

शिव्या आणि सिगारेटी भरपूर. अमेरिकेतसुद्धा याला मोठ्यांचं सर्टिफिकेट होतं. गच्चीवर लावलात तर सोसायटीच्या ग्रुपवर तुमची चर्चा होईल. आधी एकट्याने बघा.

पुस्तकांत त्याच्या जोडीला मिलिंद बोकिलांची शाळा (२००४). आणीबाणीचं वर्ष, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी, सुऱ्या, चित्र्या, फावड्या. सगळे तिला जोशी-शिरोडकरची प्रेमकथा म्हणतात. मला ती कायम त्या चौघांची वाटत आली आहे. शिरोडकर दिसते किती वेळ? बाकीचा सगळा वेळ पोरं एकमेकांची टर उडवत बसलेली असतात, आणि वर्ष सरता सरता ती बैठकच मोडते. चौदाच्या पुढे द्या.

पेटीतली बाहुली

मुलगेच का, हा प्रश्न विचारायला मी आले आहे. आवाज मुलींचा मोठा असं तुम्हीच लिहिलंय.

एलिझाबेथ एकादशी (२०१४) लावा. पंढरपूर, कार्तिकी एकादशी, वडिलांनी स्वतः बनवलेली सायकल विकायची वेळ आलीय, आणि ती वाचवायला पोरं यात्रेत बांगड्यांचं दुकान टाकतात. ज्ञानेशची धाकटी बहीण झेंडू अख्खा सिनेमा खिशात घालते. दीड तासाचा आहे आणि कोणत्याही वयाला चालतो.

दुसरा आसामी, रीमा दासचा व्हिलेज रॉकस्टार्स (२०१७). धुनू नावाची मुलगी गावातल्या पोरांच्या टोळीत आहे, झाडावर चढते, पुरात पोहते, आणि तिला गिटार हवी आहे. थर्माकोलची खोटी वाद्यं घेऊन ही पोरं बँड वाजवतात. त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक त्याला होतं. मराठीत नुसत्या मुलींच्या टोळीचा असा सिनेमा कोणी काढला तर पहिलं तिकीट माझं.

गच्चीवाली

मंडळी, एवढं येईल असं वाटलं नव्हतं! पेटीतली बाहुली, तुमचे दोन्ही घेतले. विषय पोरांनी दिला तेव्हा मुली खाली बॅडमिंटन खेळत होत्या, एवढंच कारण.

घरी माझ्या मुलाला इराणी सिनेमाची गोष्ट सांगितली. पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाला, "त्याने वहीचा फोटो काढून आईच्या व्हॉट्सॲपवर का नाही पाठवला?" मी म्हटलं, तेव्हा फोन नव्हते. त्यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पण मास्तरांना तर वहीच हवी होती. फोटो चाललाच नसता." हा सिनेमा पक्का.

पुस्तकं अजून येऊ द्या.

जुनी वही

पुस्तकांसाठीच आलो.

आर. के. नारायण यांचं स्वामी अँड फ्रेंड्स (१९३५), मराठी अनुवाद मिळतो. शंकर नाग यांच्या मालगुडी डेजमुळे स्वामीचा चेहरा मास्टर मंजुनाथचा झाला, पण मालिका बघितली म्हणून पुस्तक टाळू नका. स्वामी, मणी आणि राजम. राजम पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा, बुटापासून इंग्रजीपर्यंत सगळं कडक. त्याने काढलेल्या क्रिकेट क्लबची एक मॅच असते आणि ऐन मॅचच्या दिवशी स्वामी नसतो. हेडमास्तरांना घाबरून पळालेला, रानातल्या रस्त्यावर वाट चुकलेला. राजम ते विसरत नाही. शेवटी त्याच्या वडिलांची बदली होते, पहाटेची गाडी, आणि स्वामी हातात एक पुस्तक घेऊन स्टेशनवर धावतो. नारायण यांचं लिखाण हसवतं म्हणून लोक त्यांना गोड लेखक समजतात. ते शेवटचं पान वाचून सांगा गोड आहे का.

हंगेरियन लेखक फेरेन्त्स मोल्नार यांचं द पॉल स्ट्रीट बॉइज, शंभरहून जास्त वर्षं जुनं. इंग्रजीत मिळतं. बुडापेस्टमधली शाळकरी पोरं, लाकडाच्या वखारीशेजारची एक मोकळी जागा, आणि ती बळकवायला टपलेली दुसरी टोळी. पोरं रीतसर सैन्य उभारतात. त्यात सगळे कप्तान आणि लेफ्टनंट, आणि साधा शिपाई एकच, नेमेचेक नावाचा किडकिडीत मुलगा. सगळ्यांनी हुकूम सोडायचे ते याच्यावर. गोष्ट त्याचीच आहे, आणि पोरांना ते फार उशिरा कळतं. शेवटी त्या मोकळ्या जागेवर इमारत उठणार असते. पुण्यातल्या पोरांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

शरच्चंद्रांच्या श्रीकांतचा पहिला भाग मोठ्याने वाचून दाखवा. पूर्ण कादंबरी नव्हे, फक्त इंद्रनाथची प्रकरणं. रात्रीच्या अंधारात गंगेत होडी घालून मासे चोरायला निघालेला इंद्रनाथ, आणि त्याच्या मागे भीतीने अर्धा झालेला, तरी होडीतून न उतरणारा श्रीकांत. पोरवयात एका मित्रावर असा आंधळा विश्वास टाकलेला असतो. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले, जुन्या ग्रंथालयांत अजून प्रती असतात.

आणि जी. ए. कुलकर्णींनी अनुवाद केलेला रानातील प्रकाश. मूळ कॉनरॅड रिक्टर. रेड इंडियन लोकांत वाढलेल्या गोऱ्या मुलाला त्याच्या जन्मदात्या घरी परत धाडतात, तो तिथे रमत नाही, आणि त्याचा रानातला भाऊबंद त्याला शोधत येतो. छोटी कादंबरी आहे. तेराच्या पुढे.

लंपन मुद्दाम मोठ्या यादीत टाकत नाही. प्रकाश नारायण संतांचं वनवास माझं उशाशी असतं, पण त्यातला मुलगा मनातल्या मनात जास्त हिंडतो. निपुण धर्माधिकारीने केलेली मालिका (२०२४) बघून पोराला तो आवडला तर पुस्तक द्या, उलट क्रमाने नको.

सदाशिवपेठी

सुट्टी आहे का शिक्षा? एकाचा बाप गेलेला, दुसऱ्याचा मित्र जातो, तिसऱ्याचं मैदान जातं. पोरांना हसू द्या हो जरा.

द गूनीज (१९८५). माळ्यावर नकाशा सापडतो, पोरं भुयारात उतरतात, मागे गुंड, पुढे चाच्यांचं जहाज. गोष्ट स्पीलबर्गची. मैत्री तोंडी लावायला असेल, पण चटणी झणझणीत आहे.

चष्मेबहाद्दर

सदाशिवपेठी, गूनीजमधली पोरं खजिना का शोधतात आठवतंय ना? त्यांची घरं पाडून तिथे गोल्फचं मैदान होणार असतं. वस्ती उठली की टोळी फुटणार. म्हणजे पॉल स्ट्रीटचंच दुखणं, फक्त चाचे घालून. तुम्ही हसत हसत तेच सुचवलंत.

हडपसरी, तुमच्यासाठी उत्तर सुचलं. सुभाष मित्र आहेच. पण भागवतांना गोष्ट बन्याची सांगायची होती, म्हणून सुभाषच्या मनात काय चाललंय हे आपल्याला कधी कळत नाही. हीच पुस्तकं सुभाषच्या तोंडून कोणी लिहिली तर मी माझं म्हणणं मागे घेतो.

हडपसरी

ती मी लिहायला घेईन. हसू नका.

शेंगदाणे

वाखु (वाचनखूण) साठवली. एक फुकटची भर: किशोर मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवलेत. पोरांच्या टोळ्यांच्या गोष्टी त्यात ढिगाने सापडतात, चित्रांसकट. पुस्तकं विकत घ्यायची ऐपत आणि माळ्यावर जागा दोन्ही संपली असेल तर तिथून छापून द्या.

गच्चीवाली

काल पहिला रविवार झाला. पोरांत मतदान घेतलं होतं. चिल्लर पार्टी बहुतेकांनी आधीच बघितलेला निघाला, म्हणून किल्ला लावला. सदाशिवपेठी, चादरीला वजन म्हणून कुंड्या बांधल्या, उपाय अचूक.

मोरपंखींची युक्ती वापरली. किल्ल्यावर पाऊस येतो तिथे थांबवलं आणि विचारलं, चूक कोणाची? दोन तट पडले. एक म्हणे पाऊस आल्यावर सगळेच पळतात, त्यात काय एवढं. दुसरा म्हणे निघण्याआधी हाक मारायला काय जातं. पाचवीतला एक मुलगा, जो एरवी कोणत्याच खेळात नसतो, म्हणाला, "मोजायचं असतं. सिंहगडला गेलो तेव्हा बाई दर वळणावर मोजत होत्या." त्यावर एका मोठ्या मुलाने विचारलं की मित्र मित्र गेले तर मोजणार कोण. उत्तर कोणालाच देता येईना, म्हणून सिनेमा पुढे सुरू केला.

चिन्मयने अबोला धरल्यावर मात्र एकही पाकीट वाजलं नाही. शेवटाबद्दल पोरं खूश नाहीत. "परत बदली? आत्ताच तर जमलं होतं ना!" अशी ओरड झाली आणि नेमका तेव्हाच तळमजल्यावरून फोन आला.

पुस्तकांची पेटी जिन्यात ठेवली होती. प्रतापगडावरचा फाफे लगेच गेला, स्वामीही गेला. पॉल स्ट्रीट एका मुलीने उचललं, मुखपृष्ठावर मारामारी आहे म्हणून.

आता पुढचा रविवार: वहीवाला इराणी. अडचण अशी की सबटायटल्स इंग्रजी आहेत आणि लहानांना तेवढ्या वेगाने वाचता येत नाहीत. कोणीतरी मराठीत मोठ्याने सांगायला बसलं पाहिजे, पण धावतं वर्णन केल्यासारखं नको. काय करावं?

मोरपंखी

सगळं सांगायला जाऊ नका. मास्तर, आई आणि ते सिगारेटवाले आजोबा, एवढ्यांचं सांगा. अहमद तर पूर्ण वेळ एकच प्रश्न विचारत असतो, तो पोरांना दुसऱ्या वेळेपासून फारसीतही कळतो.

टेकडीवाला

मी येतो. शनिवारी एकदा बसून टिपणं काढू, म्हणजे ऐन वेळी अडखळायला नको. कोथरूडात नक्की कुठे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.